नोव्हायचा फील्डर

काकांच्या घरात वस्तू कोणी कोणाच्या हातात देत नसे. फेकायची. किल्ल्या, टीव्हीचा रिमोट, लिंबं, मोज्यांची गुंडाळी, एकदा तर काकूंचा फोन. अमेरिकेत, नोव्हाय गावातल्या त्यांच्या बेसमेंटमध्ये मी भाड्यानं राहायला गेले, त्या दिवशी काका जिन्याच्या वरच्या पायरीवर होते आणि मी खाली, दोन बॅगा घेऊन. “नागपूर, घे,” एवढंच म्हणाले, आणि किल्ली माझ्या कपाळाला लागून सोफ्याखाली गेली. “दोन्ही हात वापरायचे,” काका म्हणाले. सॉरी वगैरे काही नाही. सोफा मात्र त्यांनी स्वतः खाली येऊन सरकवला.

नागपूर म्हणजे मी. भाडेकरूंना ते गावाच्या नावानं हाक मारत. माझ्याआधी ‘नाशिक’ राहून गेला होता, त्याच्याआधी ‘डोंबिवली’. लोक लग्नं करतात, आडनावं जोडतात, तोडतात, गाव तेवढं बदलत नाही, असं त्यांचं म्हणणं. काकूंना मात्र ते नावानंच हाक मारत. काकूंचं माहेर इचलकरंजी आहे, म्हणून असेल.

काका मूळचे कऱ्हाडचे. गाडीच्या दाराला कडेनं जी रबरं असतात, ती बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनियर. त्यामुळे त्यांच्याबरोबर कुठे जाणं म्हणजे एक व्यापच होता. कोणाच्याही गाडीत बसण्याआधी ते दार उघडून लावत, मान तिरकी करून ऐकत, पुन्हा उघडून लावत आणि म्हणत, “हं.” बस्स, एवढंच. नव्या गाडीच्या मालकाला हा ‘हं’ फार झोंबे. एकदा एक गृहस्थ नवी कोरी गाडी आणि पेढे घेऊन आले. काकांनी पेढा खाल्ला, दार लावलं आणि म्हणाले, “रबर बसलेलं नाही. हायवेला शिटी वाजेल.” वाजली. त्या गृहस्थांनी काकांशी बोलणं टाकलं. खोटं बोललो असतो तर पेढ्याला जागलो असतो, असं काका मला नंतर म्हणाले, पण ते जमत नाही.

फेकाफेकीचं मूळ क्रिकेटमध्ये होतं. कॉलेजच्या टीममध्ये काकांना निव्वळ फील्डिंगवर घेतलेलं. “बॅटिंगला अकरावा. बोलिंग कोणी दिलीच नाही,” ते अभिमानानं सांगत. “पण कव्हरला मी उभा असलो की बॅट्समन तिकडे मारायचाच नाही.” पन्नाशी उलटली, पोट आलं, तरी त्यांच्या अंगातला कव्हरचा फील्डर काही रिटायर झाला नव्हता. ओट्यावरून वाटी घरंगळली की ती जमिनीला टेकायच्या आत त्यांच्या हातात असे, मग भले ते त्या वेळी सोफ्यावर डुलक्या घेत असोत. दिवाळीच्या फराळाला एका वहिनींच्या हातून ताट निसटलं, तर काकांनी झेप घेऊन ताट झेललं. करंज्या गेल्या. पण ताट झेललं, हे ते पुढे वर्षभर सांगत होते.

रेवा ही त्यांची एकुलती एक मुलगी. जन्म इथलाच. मराठी तिला सगळं समजायचं, बोलायची तिच्या सवडीनं. शाळेच्या गोल्फ टीममध्ये होती तोवर काकांना कौतुक होतं. अमेरिकेत मुलांनी काहीतरी खेळावं लागतं, कॉलेजच्या अर्जावर ते बरं दिसतं, हे इथल्या सगळ्या आईबापांसारखं त्यांनाही ठाऊक होतं. अर्ज करायची वेळ आली तेव्हा रेवानं सांगितलं, की मी अर्जावर दिसावं म्हणून खेळत नव्हते, मला त्यातलीच डिग्री करायचीये. प्रोफेशनल गोल्फ मॅनेजमेंट. रीतसर, युनिव्हर्सिटीची. काकांना वाटलं, चेष्टा करतेय. मग वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. मग ती होस्टेलवर राहायलाही गेली.

मंडळाच्या गणपतीत लोक विचारत, “रेवा काय करते?”

“मॅनेजमेंट,” काका सांगत. खोटं काही नव्हतं, फक्त आधीचे दोन शब्द ते गिळत.

“कशातलं? हॉस्पिटल का सप्लाय चेन?”

एकदा काका कोंडीत सापडून “ओपन एअर” असं बोलून गेले. समोरचे आजोबा “वा, एन्व्हायर्नमेंट का,” म्हणून खूश झाले, आणि आरती संपेपर्यंत रेवा पर्यावरणात आहे अशी बातमी प्रसादाच्या रांगेत पोचली. काकांनी ती दुरुस्त केली नाही. घरी आल्यावर काकूंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. काकू बँकेत कामाला होत्या, कमी बोलायच्या, आणि पहिल्यापासून लेकीच्या बाजूच्या होत्या.

रेवा सुट्टीला आली की मला वर जेवायला बोलावत. अशाच एका रात्री काकांनी पिठल्याची कढई पुढे ओढत विचारलं, “शिकवतात तरी काय तिथं?”

रेवा सांगायला लागली. क्लबच्या दुकानात माल काय आणि किती मागवायचा, टूर्नामेंट कशी भरवायची, गवताला रोग पडला तर काय करायचं, क्लबचं किचन कसं चालवायचं, ज्याच्या त्याच्या उंचीप्रमाणे स्टिक कशी बेतायची, आणि जो जन्मात खेळला नाही त्याला खेळायला कसं शिकवायचं. “अँड अकाउंटिंग, बाबा. यू लाइक अकाउंटिंग.”

“म्हणजे जिमखान्याचा सेक्रेटरी,” काका म्हणाले.

“काइंड ऑफ.”

“आमच्या जिमखान्याला एक सेक्रेटरी होता. दिवसभर कॅरम खेळायचा आणि संध्याकाळी टेनिसच्या नेटला कुलूप लावायचा. त्याला कोणी डिग्री दिली नव्हती.”

“दॅट्स व्हाय,” रेवा म्हणाली.

काकू हसल्या. काकांनाही हसू आलं होतं, पण ते त्यांनी घासाबरोबर गिळलं.

मला या माणसाचा राग यायचा, हे कबूल करते. मुलगी इतकी शहाणी, मेहनती, सुट्ट्यांमध्येसुद्धा कुठल्यातरी क्लबात पहाटे उठून कार्ट धुणारी, आणि बाप ‘पर्यावरण’ सांगत फिरतोय. पण बेसमेंटमध्ये राहणाऱ्याला घरमालकाची दुसरी बाजूही ऐकू येते, कारण हीटरच्या डक्टमधून वरचं सगळं खाली येतं. काका रात्री काकूंना म्हणत, “आपण गेल्यावर तिला इथं कोण आहे? ना भाऊ, ना बहीण. खेळाच्या माणसाचा गुडघा गेला की सगळं गेलं.” त्यांना लोकांची लाज वाटत होतीच, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. माझा राग त्यानंतर निम्मा झाला.

एका उन्हाळ्यात रेवानं मला गोल्फ शिकवायचं ठरवलं. गावाबाहेर सरावाचं मैदान आहे, तिथे ओळीनं उभं राहून समोरच्या मोकळ्या कुरणात बॉल मारत राहायचे. काका बरोबर आले, ‘नुसतं बसायला’. मी पहिला फटका हवेत मारला, दुसराही. “ताई, वर बघू नकोस,” रेवा म्हणाली. “एव्हरीबडी लुक्स अप. बॉल कुठे गेला ते मी बघते ना.” तासाभरात माझा एक बॉल नीट उडाला. शेजारी एक जाडे आजोबा प्रत्येक फटक्याला स्वतःला शिव्या घालत होते. रेवानं त्यांना विचारून त्यांचा अंगठा थोडा आत सरकवला. आजोबांचा पुढचा बॉल असा काही गेला, की ते वळून तिच्याकडे बघतच राहिले. काकांनी बाकावरून हे सगळं पाहिलं आणि हळूच “हं” केलं. हा ‘हं’ जरा वेगळ्या जातीचा होता.

मग ते उठून तिथे काम करणाऱ्या मुलाकडे गेले आणि कुरणात जाऊन उभं राहता येईल का, असं विचारलं.

“सर, लोक तिकडे बॉल मारतायत. तुम्हाला लागेल.”

“नो, नो,” काका समजूत घालत म्हणाले. “आय विल कॅच.”

त्या मुलानं रेवाकडे बघितलं. रेवानं हात जोडले.

परतताना गाडीत काकांनी विचारलं, “यात अंपायर कुठे उभा राहतो?”

“नसतो. ऑफिशियल्स असतात, बट दे कान्ट सी एव्हरीथिंग. आपली चूक आपणच सांगायची. तुझ्यामुळे बॉल हलला तर यू से इट.”

“कोणीच बघितलं नसेल तर?”

“स्टिल.”

“आमच्यात दोन-दोन अंपायर असून लोक बॅटला लागलेलं लपवायचे,” काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. “नागपूर, हा खेळ आपल्या लोकांना झेपायचा नाही.” पण त्या रात्री कऱ्हाडला भावाला फोन लावून, अंपायर नसलेल्या खेळाची गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. डक्टमधून ऐकलं मी.

या डिग्रीत एक मेख असते. बाकी सगळे पेपर सुटले तरी खेळाची एक टेस्ट पास व्हावी लागते. एका दिवसात दोन पूर्ण राउंड खेळायचे आणि दोन्हींचे मिळून फटके ठरलेल्या आकड्याच्या आत ठेवायचे. फटका जास्त झाला की नापास, पुन्हा बसा. शिकवण्यात रेवा वर्गात पहिली, टूर्नामेंट भरवण्यात पहिली, आणि या टेस्टला मात्र पुन्हा पुन्हा गचके. दिवसभर छान खेळायची आणि शेवटी शेवटी हात आखडायचा. तिसऱ्यांदा नापास झाली तेव्हा काकांनी फोनवर सांगून टाकलं, “आता एकदाच. नाही झाली तर घरी यायचं आणि अकाउंटिंगला ट्रान्सफर घ्यायची. मी एवढं ऐकलं तुझं, आता तू माझं ऐक.”

“ओके,” रेवा म्हणाली. वाद नाही, रडणं नाही. काकूंनी मात्र पुढचा आठवडाभर काकांशी फक्त वाणसामानाबद्दल बोलणं ठेवलं.

टेस्टच्या आदल्या दिवशी रेवाचा फोन आला. “बाबा, प्लीज डोन्ट कम. तू असलास की आय कॅन फील इट.”

“बरं,” काका म्हणाले.

सकाळी अंधारातच माझ्या दारावर टकटक झाली. काकांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि डॉक्टरांनी लांबचं ड्रायव्हिंग मना केलं होतं. “नागपूर, गाडी काढ.”

“तुम्ही बरं म्हणालात ना तिला?”

“बरं म्हणालो. येणार नाही कुठं म्हणालो?”

काकू आल्या नाहीत. त्यांना बघवणार नव्हतं. त्यांनी डब्यात दशम्या दिल्या आणि देवापुढे बसल्या.

आम्ही पोचलो तेव्हा पहिला राउंड सुरू झाला होता. काका दिवसभर झाडाआडून झाडाआड करत होते, गळ्यात दुर्बीण आणि डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा गॉगल, म्हणजे लपण्याच्या दृष्टीनं आनंदच. पण रेवानं एकदाही मान वळवली नाही. तिच्या गटातल्या एका मुलाची आई आकडे धरून चालत होती. दुपारनंतर तिनं मला सांगितलं, की तुमची मुलगी आत आहे. अगदी काठावर, पण आत. इथून पुढे एक फटकाही फुकट घालवून चालणार नाही. मी हे काकांना सांगितलं. त्यांची दुर्बीण डोळ्यांवरून खाली आली.

शेवटून दुसऱ्या होलला आम्ही तळ्याच्या काठी एका झाडाखाली उभे होतो. आमच्या पुढ्यात गवताचा उतार, उताराच्या वर ती गुळगुळीत हिरवळ जिच्यात होल असतं, आणि रेवा तिच्याही पलीकडे. मधल्या उंचवट्यामुळे ती आम्हाला दिसत नव्हती, तिला आम्ही. फटक्याचा आवाज आला. बॉल हिरवळीवर पडला, थांबेल थांबेल असं वाटलं आणि थांबलाच नाही. मागच्या कडेवरून उतरला आणि उतारावरून आमच्या बाजूनं, तळ्याकडे धावत निघाला.

मला काकांचा खांदा खाली गेलेला दिसला. मग ते डावीकडे सरकले, पोटासकट, मला कधी खरं वाटलं नसतं इतक्या वेगानं, आणि त्यांनी पाय आडवा घातला. बॉल बुटाला लागून तिथंच थांबला. काका तो उचलायला वाकले. थ्रोसाठी त्यांचा कोपर मागे गेला होता.

“काका, हात लावू नका,” मी म्हणाले.

ते तसेच वाकलेले राहिले. मग सावकाश सरळ झाले. आपण काय केलं, हे त्यांना तेव्हा कळलं. काळ्या गॉगलमागचे डोळे दिसत नव्हते, पण तोंडाचा रंग उडाला होता.

रेवा उंचवट्यावर आली. आधी तिला बॉल दिसला, मग बूट, मग बाबा. कार्टमधून एक ऑफिशियल बाई उतरल्या. पिकलेले केस, उन्हाची मोठी टोपी. त्यांनी शांतपणे विचारलं, “सर, बॉल तुम्हाला येऊन लागला, की तुम्ही तो थांबवला?” आणि दोन्हींचा अर्थही सांगितला. चुकून लागला असेल तर जिथे आहे तिथून ती पुढे खेळेल. मुद्दाम थांबवला असेल, तर तो कुठे गेला असता ते ठरवावं लागेल, आणि पाण्यात गेला असता तर एका फटक्याचा दंड.

तळं आमच्या पाठीशीच होतं. बघणारं दुसरं कोणी नव्हतं, मी सोडून. मला विचारलं असतं तर मी बेधडक ‘लागला’ म्हणाले असते आणि रात्री मला झोपही छान लागली असती. पण मला कोणी विचारलं नाही.

“आय स्टॉप्ड इट,” काका म्हणाले.

“मुद्दाम?”

“येस.”

बाईंनी त्यांच्या गॉगलकडे पाहिलं. “डोळ्यांचं काही झालंय का तुमच्या? नीट दिसलं ना?”

ही सरळ सरळ सुटायची वाट होती. मला तर वाटलं, त्या बाईंनी दयेनंच ती उघडून दिली.

“ऑपरेशन झालंय,” काका म्हणाले. “आता फार चांगलं दिसतं.”

“मग तो कुठे गेला असता?”

काकांनी उताराकडे पाहिलं, रेवाकडे पाहिलं. “वॉटर,” ते म्हणाले. “नो चान्स, मॅडम.”

एका फटक्याचा दंड बसला. रेवानं नियमाप्रमाणे नवा बॉल टाकला आणि खेळली. शेवटचं होलही नीट खेळली, या वेळी हात आखडला नाही. बेरीज झाली तेव्हा ती एका फटक्यानं बाहेर होती. तोच एक फटका.

पार्किंगमध्ये ती आपल्या गाडीची डिकी उघडून तिच्या काठावर बसली होती आणि बुटांच्या नाड्या सोडत होती. काका तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. मी थोडी मागे थांबले.

“यू गॉट व्हॉट यू वॉन्टेड,” ती मान खाली घालूनच म्हणाली.

“हे नको होतं मला.”

“मग का? तू म्हणायचंस ना की लागला. बॉल तुझ्या बुटाला लागलाच होता, बाबा.”

“लागला नाही. मी पाय घातला. तुझा बॉल पाण्यात जाताना दिसला आणि पाय गेला. विचार नाही केला.”

“सो टेल हर दॅट. तू विचार नाही केलास.”

“पाय माझाच ना पण.” काकांनी गॉगल काढला. डोळे लाल झाले होते, ऑपरेशनमुळे म्हणावं तर दोन्ही. “खोटं बोललो असतो तर तू पास झाली असतीस. मी पेढेपण वाटले असते. पण मग परत कधी तुझा खेळ बघायला उभं राहता आलं नसतं मला. आणि मला बघायचाय, रेवा. आज सकाळपासून बघतोय. तू असं खेळतेस, हे मला माहीतच नव्हतं. चार वर्षं मी लोकांना काय काय सांगत बसलो.”

रेवानं एक बूट काढला आणि तो हातात धरून बसली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. ती म्हणाली, “सो व्हॉट नाऊ? अकाउंटिंग?”

“पुढची टेस्ट कधी आहे?” काकांनी विचारलं.

तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ते खरंच विचारतायत की नाही, हे तिला कळत नव्हतं.

“ऑगस्ट,” ती म्हणाली.

काका माझ्याकडे वळले. “नागपूर, ऑगस्टमध्ये सुट्टी टाकून ठेव.”

मी रेवाकडे बघितलं. तिनं बाहीनं नाक पुसलं आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला घेतली. या वेळी ती येऊ नका म्हणाली नाही.